लोकरीच्या पोटातला ठोका

एडेलमीरा चिरीनोस आता लोकरीच्या कारखान्यात जाते. सकाळी सात ते तीन लांब टेबलापाशी उभं राहायचं आणि अल्पाकाची, म्हणजे आमच्याकडच्या लांब मानेच्या मेंढरासारख्या जनावराची, लोकर नुसत्या बोटांनी निवडायची, मऊ इकडे, जाड तिकडे. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असतं, त्यामुळे तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. तिला ते आवडतं म्हणे. आमच्या इमारतीतले लोक मला अजून विचारतात, एवढा चांगला हात होता बाईचा, सोनोग्राफी का सोडली? मी सांगते, डोळे बिघडले. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. मलाच सुईत दोरा ओवून घ्यायला तिच्या घरी जावं लागतं.

मी दोमितिला. हॉस्पिटलसमोरच्या गाळ्यांच्या इमारतीत, जिन्याखाली माझं शिलाईचं मशीन आहे. चेन बदलणं, नर्सबायांचे डगले आत घेणं, मुलांचे गणवेश, असलं काम. शेजारचा गाळा एडेलमीराचा, म्हणजे ती तिथे नोकरीला होती. ‘पहिला चेहरा’ असं त्याचं नाव, अर्धी अक्षरं गुलाबी, अर्धी निळी. आत एक खाट, एक पडदा, भिंतभर टीव्ही, आणि मालकांनी लावलेली पाटी: ‘ही तपासणी नाही, ही आठवण आहे.’ मालक म्हणजे डॉक्टर साम्युएल. दातांचे डॉक्टर. वरच्या मजल्यावर दात कोरायचे आणि महिन्यातून दोनदा खाली येऊन पाटीवरची धूळ पुसायचे.

खरी सोनोग्राफी बाया समोर हॉस्पिटलातच करून घ्यायच्या. पण तिथला डॉक्टर पडदा आपल्याकडे वळवून बसतो आणि विचारलं की म्हणतो, कागदात लिहिलंय. म्हणून मग सातव्या महिन्यात बाळाचं तोंड बघायला आमच्याकडे. सासू, बहिणी, नवरा, होणारी धर्ममाता, कधी कधी नऊ-नऊ माणसं त्या एवढ्याशा गाळ्यात घुसायची आणि उरलेली माझ्या स्टुलांवर.

एडेलमीराचा हात मात्र खरा होता. पोरं पोटातही कमी नखरे करत नाहीत. कुणी तोंडावर हात धरतं, कुणी वारेत नाक खुपसून बसतं. दुसरी कुणी असती तर आईला म्हणाली असती, पुढच्या आठवड्यात या. ही तिला जांभळ्या मक्याचं गार सरबत पाजायची, डाव्या कुशीवर वळवायची, जिन्यावरून दोनदा चढउतार करून ये म्हणायची, आणि मग पोटावर दोन बोटांनी टकटक करून दटावायची, "ए आळशा, एवढी माणसं आलीत तुला बघायला. तोंड दाखव आणि मग खुशाल झोप." पोर वळायचंच. मी शिवणकाम सोडून पडद्याआडून बघायची. मुलगा की मुलगी ते ती मोठ्यानं कधी सांगत नसे. चिठ्ठीवर लिहून पाकीट धर्ममातेच्या हातात द्यायची, धर्ममाता ते केकवाल्याला द्यायची, आणि केक कापल्यावर आतला रंग बघून आईबापांना कळायचं. त्या पाकिटांवर एडेलमीरा असा काही डिंक लावायची, की उघडून बघायची कुणाची टाप नव्हती.

ती काही डॉक्टर नव्हती. बाळंतपणाच्या शिक्षणाची शेवटची परीक्षा तिची राहिली ती राहिलीच. पण वर डोंगरात, जिथे गाडी आठवड्यातून दोनदा जाते, तिथल्या सरकारी दवाखान्यात तिनं पाच वर्षं काढलेली. तिथे हाताखालून गेलेल्या बाळंतपणांबद्दल ती फारसं बोलत नसे. फक्त एकदा म्हणाली होती, "तिथे मला घाबरायला वेळ नसायचा, दोमितिला. इथे सगळा दिवस तेवढंच काम."

घाबरायचं कारण होतं. पहिल्याच वर्षी एका बाईला तिनं हळूच सांगितलं, तुमच्या बाळाभोवती पाणी कमी वाटतंय, आजच समोर दाखवून या. बाई रडत गेली. समोर सगळं ठीक निघालं. मग ती बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याचे दोन भाऊ यांनी येऊन गाळ्यात असा धिंगाणा घातला, की वरून डॉक्टर साम्युएल तोंडाला मास्क लावलेल्या अवस्थेत खाली आले. लोक गेल्यावर त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. "वाचता येतं ना? तुम्हाला इथे चित्र काढायला ठेवलंय. अक्कल पाजळायला नाही." एडेलमीरानं मान खाली घातली. त्या दिवसापासून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. काही दिसलं तर म्हणायची, बाळ झोपलंय, आणि हो, तुमच्या डॉक्टरांना भेटत राहा हं. हळूहळू तिला दिसेनासंच झालं असावं. माणसाचं बोलणं बंद झालं की बघणंही बंद होतं, हे मी माझ्या नवऱ्यावरून सांगते.

आता अल्पाकाचं. चाळीस सोल जास्तीचे दिले की आईला चित्रांबरोबर एक वीतभर उंचीचा अल्पाका मिळायचा, खऱ्या लोकरीचा, बटणांचे डोळे लावलेला. त्याचं पोट दाबलं की तिच्या बाळाच्या काळजाचा ठोका ऐकू यायचा. अल्पाके मी शिवायची. पोटाची शिवण उघडी ठेवायची, मग एडेलमीरा त्यात आवाजाची गोल डबी घालून द्यायची आणि मी आई बसलेली असतानाच चार टाके मारून पोट बंद करायची. किती बाया तेवढ्यावर रडल्या असतील त्याला गणती नाही.

भानगड अशी होती, की मशीनचा आवाज मोबाइलवर पकडून मग त्या डबीत भरावा लागायचा, आणि आमच्या इमारतीत शांतता म्हणून नव्हती. दारात विल्बेर गिऱ्हाइकं ओढायला उभा: "एको, एको, मामिता, बाळाचं तोंड बघून जा." एको म्हणजे सोनोग्राफी. वर दात कोरायचं यंत्र. समोर बुटांच्या दुकानात गाणी. डबीत ठोका कमी आणि विल्बेर जास्त यायचा. एका बाईनं अल्पाका परत आणला होता. म्हणाली, माझ्या मुलाच्या काळजातून हा माणूस ओरडतोय.

मग एका जूनमध्ये गाड्यांचा संप झाला. रस्ते बंद, विल्बेर घरी, बुटांचं दुकान बंद. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि आम्ही इमारतीपासून चालत यायच्या अंतरावर राहतो. एडेलमीरानं तिला खाटेवर घेतलं, मी मोबाइल धरून उभी राहिले. त्या शांततेत माझ्या नातीचा ठोका असा स्वच्छ आला, की आम्ही तिघी कितीतरी वेळ तो परत परत लावत बसलो.

पुढच्याच आठवड्यात एका बाईचा आवाज बिघडला आणि एडेलमीरानं तिच्या डबीत माझ्या नातीचा ठोका भरला. मला सांगितलं. मी म्हटलं, भर की, सगळी पोरं सारखीच पळतात. मला उलट मौज वाटली. महिन्याभरात ती बिघडलेल्यालाही तोच देऊ लागली आणि न बिघडलेल्यालाही. रिवाज म्हणून मोबाइल मशीनसमोर धरायची, पण पकडलेलं ऐकायची नाही. तयार ठोका हाताशी असताना ऐकतंय कोण? माझी आबिगाइल जन्मायच्या आधी शहरभर वाटली गेली होती आणि मी शिवण घालताना मनात म्हणायची, जा बाई, आणखी एका घरी जा. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

नेलिदा आली ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. बारकीशी, पंचविशीची असेल. शहराबाहेर लसूण सोलायच्या शेडमध्ये कामाला. नवरा खाणीवर, चौदा दिवस वर आणि सात दिवस घरी, म्हणून सोबत सासू आलेली, दोन्या फाउस्तिना, म्हणजे फाउस्तिनाबाई, आवाजानं विल्बेरला हरवेल अशी. तीस आठवडे झाले होते. पोरानं तोंड लगेच दाखवलं.

"नाक बघ, नाक," सासू ओरडली. "माझ्या नवऱ्याचंच. वाईट झालं बिचाऱ्याचं."

नेलिदाला हसू आवरेना. "हसू नका सेन्योरा," एडेलमीरा म्हणाली, "आत भूकंप झालाय."

सासूनं पदरचे पैसे घालून अल्पाका घेतला. बदामी रंगाचा. मी चार टाके मारले, नेलिदानं पोट दाबून पाहिलं, कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले. तिच्या बोटांना लसणाचा वास होता तो लोकरीला लागला. अर्ध्या तासात दोघी गेल्याही.

ऑगस्टमध्ये ती एकटी आली. शहरामागच्या मिस्ती डोंगरावर बर्फ पडलं होतं आणि ते पडलं की आमच्या शहरात माणसं उगाच तिरसटतात, त्याला आम्ही नेवादा चढली म्हणतो. मला सकाळपासून चढलेली होती. तिनं अल्पाका माझ्या मशीनवर ठेवला.

"दोन्या, याचा आवाज बारीक झालाय. सेल बदलून मिळेल का?"

मी वर न बघताच म्हटलं, "दिवसातून शंभरदा दाबलं की बसणारच सेल. आणि बाळाच्या हातात देऊ नका, चोखून घाण करतात."

"बाळ नाहीये," ती म्हणाली.

तेव्हा मी वर पाहिलं. लोकर पोटापाशी दाबून दाबून काळपट झाली होती. मी स्टूल पुढे केलं. ती बसली आणि मी काही विचारायच्या आतच बोलू लागली. हे तिनं बऱ्याच जणांना सांगून झालं असावं, कारण कुठे अडखळत नव्हती.

"जूनच्या शेवटी गेला. पस्तीस आठवडे झाले होते. दोन दिवस हलला नाही. मी सासूबाईंना म्हटलं, हॉस्पिटलात जाऊ. त्या म्हणाल्या, एवढ्या लांब जायचं आणि दिवसभर रांगेत बसायचं, तुझे पाय बघ आधी. मग त्यांनी याचं पोट दाबलं. म्हणाल्या, ऐक, कसा पळतोय, कशाला अशुभ बोलतेस? मला माहीत होतं हो, हा जुना आवाज आहे. मी काही वेडी नाही. पण ऐकलं की बरं वाटायचं. दोन दिवस ऐकत बसले. तिसऱ्या दिवशी गेले."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"असं होतं कधी कधी, म्हणाले. सगळे म्हणतात तुझी चूक नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून कुणी म्हणत नाही. नवरा तर काहीच म्हणत नाही." तिनं अल्पाका उचलून मांडीवर घेतला. "मला एवढंच कळायला हवंय, की दोन दिवस आधी गेले असते तर वाचला असता का? ते कुणी सांगत नाही. हासिंतो नाव ठेवणार होतो, सासऱ्यांचं. आता त्याचं एवढंच राहिलंय माझ्याकडे, म्हणून म्हटलं बंद पडायच्या आत सेल बदलून घ्यावा."

मी एडेलमीराकडे गेले. गाळ्यात कुणी नव्हतं, ती खाटेवरचा कागद बदलत होती. पडद्याआड उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

"सेल बदल आणि दे," मी म्हटलं. "तोंड उघडू नकोस."

"तिला परत आबिगाइलच देऊ?"

"तिचं पोर गेलं, एडेलमीरा. आता आवाज कुणाचा का असेना, तिला तेवढाच आधार आहे. तोही काढून घेणार?"

"दोन दिवस ती तेच ऐकत बसली."

"तिनं स्वतःच सांगितलं ना, की तिला माहीत होतं."

"तिला अर्धंच माहीत होतं." तिनं कागदाचा बोळा केला. "तुझी नात घरी रांगतेय, म्हणून तुला हे सोपं वाटतं."

मला राग आला. खरं बोललेलं लागतं तसा आला. मी म्हटलं, जा, सांग, आणि दातवाला डॉक्टर तुला हाकलेल तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नकोस. ती गेली. नेलिदासमोर उकिडवी बसली, म्हणजे तिला वर मान करून बोलावं लागलं, आणि एका दमात सांगून टाकलं. की हा ठोका तुमच्या मुलाचा नाही. की आवाज बिघडायचे, म्हणून आम्ही सगळ्यांना एकच दिला. की चूक माझी आहे.

नेलिदाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली नाही. मला वाटत होतं ओरडेल, विल्बेर येईल, माणसं जमतील, आणि मला ते चाललं असतं.

"कुणाचा आहे हा?" तिनं विचारलं.

उत्तर माझ्याकडे होतं. म्हणून मला बोलावं लागलं. "माझ्या नातीचा."

"जगली?"

"जगली."

"केवढी आहे?"

"परवा वर्षाची झाली."

"देव तिला सांभाळो," ती म्हणाली. आमच्याकडे कुणाच्याही लेकराचं वय ऐकलं की असंच म्हणायची पद्धत आहे, ते तिच्या तोंडून सवयीनंच निघालं. मग तिनं अल्पाका मांडीवरून उचलून माझ्या मशीनवर ठेवला, फार सांभाळून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. "म्हणजे सासूबाई मला तुमची नात ऐकवत होत्या."

मी अल्पाका होता तिथेच राहू दिला.

"माझ्याचा कुठाय?" तिनं विचारलं.

एडेलमीरानं काहीच पुसलेलं नव्हतं. जुना, काच तडकलेला मोबाइल खणात पडून होता, त्यात सगळं तसंच होतं. तो चार्जिंगला लावला. चालू व्हायला वेळ लागला. तोवर मी कोपऱ्यावरून नेलिदासाठी गरम जवसाचा काढा आणला. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

मे महिन्याची ती तारीख सापडली. एडेलमीरानं आवाज मोठा केला आणि मोबाइल तिघींच्या मध्ये स्टुलावर ठेवला. आधी विल्बेर, एको, एको, मामिता. मग वरचं यंत्र. मग दोन्या फाउस्तिना नाकाबद्दल बोलली, आणि मग नेलिदाचं हसू आलं, मोठं, श्वास अडकेपर्यंत. नेलिदानं तोंडावर हात धरला. तिला खरं वाटत नसावं, की आपण कधी असं हसत होतो. आणि त्या सगळ्याच्या खाली, लक्ष दिलं तरच, बारीक, घाईघाईचा ठोका.

"तो?" तिनं विचारलं.

"तोच," एडेलमीरा म्हणाली.

"परत लावा."

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी एडेलमीराच्या हाताकडे पाहिलं. डोंगरातल्या दवाखान्यात यंत्र नव्हतं. लाकडी नळी पोटाला लावून, गुडघ्यावर बोटानं ताल धरून ठोके मोजायचे असत. ती सवय तिला होती, पण इथे आल्यापासून मी ती पाहिली नव्हती. आता तिचं बोट गुडघ्यावर पडत होतं, भरभर. मग मंदावलं. मग थांबलं. मी मनात म्हटलं, मोजायचं सोडलं वाटतं हिनं. पण बोट हवेतच होतं, वाट बघत. मग हळू पडलं, एकदा, दोनदा, आणि पुन्हा भरभर. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. मला ठोक्यातलं काही कळत नाही, मी शिवणारी बाई. पण बोट मला दिसत होतं, आणि तिचा चेहराही.

नेलिदा मोबाइलवर वाकली होती, तिला आम्ही कुणी दिसत नव्हतो. "या गोंगाटात मला नीट कळत नाही," ती म्हणाली. "सेन्योरिता, तुम्हाला कळतं. चांगला पळतोय ना?"

एडेलमीरानं माझ्याकडे पाहिलं. मी तिला मघाशी तोंड उघडू नकोस म्हटलं होतं. आता मला वाटलं, उघड. देवा, आता तरी उघड. पण मी ते बोलले नाही, नुसती तिच्याकडे बघत राहिले, आणि माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे.

"हो," एडेलमीरा म्हणाली. "छान पळतोय."

नेलिदानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग काढ्याचा ग्लास खाली ठेवला आणि सरळ बसली.

"म्हणजे तोवर ठीक होता," ती म्हणाली. "म्हणजे ते दोन दिवसच. उशीर माझाच झाला."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. दोन महिने विचारत होती ते तिला अखेर कुणीतरी सांगितलं होतं, अशी ती मोकळी झालेली दिसली. एडेलमीराचे ओठ हलले. मी वाट पाहिली. अजून वेळ होता, एका वाक्याचं काम होतं: नाही सेन्योरा, तो तेव्हाच थबकत होता, मी ऐकायला हवं होतं, तुम्हाला पाच आठवडे मिळाले असते. ते ती बोलली असती तर त्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरून तिच्या डोक्यावर बसलं असतं. ती काही बोलली नाही. आणि ती बोलत नाही असं दिसल्यावर मी बोलू शकले असते. मीही काही बोलले नाही.

नेलिदानं मग आवाज डबीत भरून मागितला, विल्बेरसकट. मी जुनी शिवण उसवली, आबिगाइलची डबी काढली, ही घातली आणि चार टाके मारले. मग आणखी एक मारला. एडेलमीरा तोवर मला पाठमोरी उभी होती. नेलिदानं पैसे विचारले. मी नको म्हटलं, तर म्हणाली, देव तुमचं भलं करो, तुम्ही खरं सांगितलंत, बाकी कुणी सांगत नव्हतं. आणि गेली.

एडेलमीरानं त्याच शुक्रवारी डॉक्टर साम्युएलकडे किल्ली दिली. त्यांना काही कळलं नाही, अजून कळलेलं नाही, दुसरी मुलगी ठेवलीय त्यांनी. अल्पाके मी आता शिवत नाही. नात चार वर्षांची झाली. तिला छातीशी धरलं की ठोका लागतो, मग मी तिला खाली ठेवते, आणि ती विचारते, काय झालं आजी?

एडेलमीरा आणि मी रविवारी भेटतो. बोलतो, कारखान्याचं, महागाईचं, गुडघ्यांचं. दर दोन-तीन महिन्यांनी ती म्हणते, मी लसणाच्या शेडवर जाऊन येते एकदा. मी म्हणते, मीही येते. तिकडे जाणारी गाडी आमच्या कोपऱ्यावरच थांबते, पाऊण तास लागतो. तीन वर्षं झाली.